श्रावणीचं माप

६ नोव्हें., गुरु.
क्लासला नाव घातलं एकदाचं. शिवणारणीनंच शिवणाचा क्लास लावायचा, अन् तोही फ्रेंचमध्ये! पण अमरावतीत विचारून विचारून थकली. ब्लाऊज शिकवतात, पंजाबी ड्रेस शिकवतात. ब्रा म्हटलं की, ते तर रेडिमेड भेटते ना. रेडिमेडनं भागलं असतं तर मी कशाला मागं लागली असती.

माझी लेक श्रावणी दिवाळीच्या आधीपासून ग्राउंडवर गेली नाही. कॉलेजात चारशे मीटरला कोणाच्या हाती न लागणारी पोरगी. बूट पलंगाखाली. विचारलं की "बोर होते". पण छातीशी हात आवळून जिना उतरताना पाहिलंय मी तिला. मागे एकदा दुकानात नेलं, काउंटरवर दोन माणसं, त्यांनीच नजरेनं साइज ठरवला. पिशवी घेतली अन् पळालो.

धावणाऱ्या बायांसाठीची ब्रा शिकवणारी फोनवर एकच सापडली, फ्रान्सची ओदील मॅडम. ऑनलाइन क्लास, गुरुवारी साडेसहा, ऐन दिवाबत्तीला. अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं, मार्क भेटलेही भरपूर. आज 'बोंजूर' कळलं. बाकी सगळं डोक्यावरून.

९ नोव्हें., रवि. अकोला
मामेबहिणीचं साक्षगंध. त्यात वेळ काढून रुंद इलॅस्टिक घेतलं, इथं चांगलं भेटते. मामीनं विचारलं, कशाचा क्लास? फ्रेंचचा, म्हटलं. खोटं कुठं बोलली! तर मामीनं अख्ख्या मांडवात सांगितलं, आमची वंदना फ्रान्सले चालली. नवरदेवाच्या काकानं व्हिसाचं विचारलं. पळता भुई थोडी.

१३ नोव्हें., गुरु.
पहिला नग तयार. आपल्या पद्धतीनं केला. बाया मापाचं ब्लाऊज पिशवीत घालून आणतात, त्यावरून आपण शिवतो, तसंच. श्रावणीची जुनी ब्रा उसवली, कापडावर ठेवली, कापली. साडीला पिको करतो तोच टाका याला लागते, ते एक बरं झालं. फिनिशिंग पाहून मीच खूश.

कॅमेऱ्यात दाखवला. मॅडम बोलतच राहिल्या, हात हलवून हलवून. सासूबाई बाजूला मेथी निवडून राहिल्या होत्या. म्हणे, "थे बाई काहून भांडून राह्यली वं तुह्याशी?"

शेवटी मॅडमनं स्वतःभोवती टेप गुंडाळून दाखवला तेव्हा उमजलं. जुन्यावरून कापू नको, अंग मोज. जुनंच चुकलेलं असेल तर नवं त्याचीच नक्कल. एवढे ब्लाऊज शिवले, हे कधी मनात नाही आलं.

श्रावणीनं घालून पाहिला. "सेमच आहे." काढून ठेवला.

१५ नोव्हें., शनि.
टेप घेऊन गेली तर पोरीनं दार लावून घेतलं. आतून म्हणते, अंदाजे कर. अंदाजानंच तर सगळी वाट लागली! मीही चिडली, बोलू नये ते बोलली, ती जेवली नाही. आमच्या घरात या गोष्टी कोणी बोललंच नाही कधी. मी माझ्या आईशी नाही, तर ही माझ्याशी कशी बोलेल.

डोक्यात नको ते येते. ग्राउंडवर कोणी काही बोललं का, कोणी त्रास दिला का. ह्यांना म्हटलं तर, होईल नीट, तू नको लावून घेऊ. ह्यांचं बरं आहे.

२० नोव्हें., गुरु.
आजचं नीट लिहून ठेवते.

मॅडमनं सगळ्यांना स्वतःचं माप घ्यायला लावलं. पाठीमागं टेप सरळ धरायला कोणीतरी पाहिजे, म्हणून श्रावणीला हाक मारली. आली, तोंड वाकडं करून. तिनंच आकडा वाचला, तिनंच मॅडमच्या तक्त्यात साइज शोधला. अन् जी हसत सुटली! "आई, तू एवढे वर्ष दुसऱ्याच बाईची ब्रा घालून राहिली!" पट्टा ढिला, कप लहान, सगळंच उलटं. मीही हसली. मॅडमला काही कळलं नाही, त्याही हसल्या.

क्लास संपला तरी पोरगी तिथंच. मग आपणहून हात वर केले. "घे माझं."

टेप फिरवताना भिंतीकडे पाहून बोलली, "पळताना दुखते आई. लय दुखते. म्हणून सोडलं."
"कोणी काही बोललं का?"
"बोलले तर बोलले. मले काय त्याचं. दुखते."

माय वं, एवढंच! काय काय घेऊन बसली होती मी उरावर. लेकीला दुखतं याचा कोणाला आनंद होते का, पण मला झाला. हे शिवणकाम आहे. हे मला येते.

२७ नोव्हें., गुरु.
दोनदा उसवलं. इलॅस्टिक जास्त ताणलं तर चुण्या, कमी ताणलं तर पट्टा वर चढते. खांद्याच्या पट्ट्या रुंद केल्या, समोरून दुहेरी कापड. मॅडमनं कॅमेऱ्यात जवळून पाहिलं अन् म्हणाल्या, त्रे बियाँ, फार छान. हे आपल्याला पाठ होतं.

श्रावणीनं घातलं, खोलीतच उड्या मारल्या. पलंगाखालून बूट काढून झटकले.

३० नोव्हें., रवि.
सकाळी दोघीच ग्राउंडवर. थंडी मस्त. मी पायरीवर. पहिली चक्कर सावकाश, हात छातीकडे जातात का तेच पाहून राहिली मी. नाही गेले. दुसरीला सुटली. श्वास धरून बसली होती मी, जशी काही मीच पळून राहिली.

आली, गुडघ्यावर हात टेकवून उभी राहिली. काय बोलेल, काय बोलेल.

"आई, आज नुसता दम लागला."

मी तोंड फिरवलं, डोळे भरले होते. डावी पट्टी थोडी सरकते म्हणे, ती पाहावी लागेल. खेळाच्या सरांनी कॉलेजच्या टीमसाठी अजून हो म्हटलं नाही, इतके दिवस गायब होती म्हणून रागात आहेत. घेतील, नाही घेतील. तिला म्हटलं, चल घरी, आजी चहाची वाट पाहत असेल. ती म्हणे थांब, आणखी एक मारते. अन् गेली पण.