ओवीवर उमटलेला फोटो

प्रिय द्वारका,

स्टुडिओचा पडदा सारून आप्पासाहेब आत आले, "पोरीचा फोटो काढायचाय, स्थळाला दाखवायला" म्हणाले, आणि त्यांच्या मागून तू आलीस, तिथंच माझं सगळं बदललं. तुझ्या वडिलांना काय ठाऊक, कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावर घेणारा हा पोरगा तुझ्याच वर्गात होता! त्या कापडाखालच्या काचेवर माणूस उलटं दिसतं. डोकं खाली, तरी तुझी नजर ओळखली मी. तुझ्याशी बोललो ते एवढंच, "हनुवटी जरा वर घ्या." घ्या म्हणालो तुला!

कॉलेज सोडून मल्हारी काय करतो, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगतो, आणि छाती काढून सांगतो. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कोरा कागद औषधात हलवत राहायचं, चेहरा उमटेस्तोवर. हात गाण्याच्या चालीनं हलतो, म्हणून गाणं पारखून लावावं लागतं. रेडिओवरची उडती गाणी लावली की हात घाई करायचा, आणि माणसं पिठात लोळल्यागत पांढरी निघायची. कव्वाली लावली तर टाळ्यांच्या भरात कागद औषधातच राहून काळा पडायचा. आमचे मालक नानासाहेब म्हणाले, "अरे, फोटो धुतो का भाजतो? नवरदेव हाय तो, कोळशाचा व्यापारी नाय!"

मग लासूरला घरी गेलो तेव्हा आईची ओवी टेपवर भरून आणली. तीच ओवी, जी मी कॉलेजच्या गॅदरिंगला म्हणत होतो. आई मेंढरं राखते म्हणून मागून एकानं मेंढरासारखा आवाज काढला, सगळा हॉल हसला, मी स्टेजवरून उडी मारून त्याचं नाक फोडलं. प्राचार्य माफी माग म्हणाले. माझ्या आईवर हसणार ते, आणि माफी मी मागायची? पुन्हा त्या पायऱ्या चढलो नाय. तू तेवढी गेटापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "मल्हारी, पुढची ओळ राहिली ना?" बाकी साऱ्या कॉलेजात मला कुणी काय विचारलं, ते आठवत नाय. हे आठवतं.

आईच्या आवाजाला घाई नाय. मेंढरं पाण्यावर सोडून काठाला बसलेल्या बाईला कशाची घाई? त्या चालीवर हात आपोआप संथ झाला. तुझा फोटो त्याच ओवीवर केला. आधी केस आले, मग डोळे, आणि अगदी शेवटी गालावरची सावली. खरं सांगू? मनात आलं, फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून कागद लवकर काढावा. आज झकास दिसला असता आणि स्थळाच्या घरी पोचून महिन्याभरात पिवळा पडला असता. लई सोपं होतं. पण हात धजला नाय. माझ्या आईच्या आवाजावर उमटलेला फोटो मी नासवू? नानासाहेबांनी उजेडात धरून पाहिला, आणि म्हणाले, "मागं स्टुडिओच्या शिक्क्याच्या जागी तुझं नाव लिही."

लिहिलंय. बानाबाईचा मल्हारी, लासूर स्टेशन.

आता हे पत्र कशाला, ते. रविवारी सकाळच्या एसटीनं पैठणला येतोय. फोटो आप्पासाहेबांच्या हातात देईन आणि त्याच दमात स्थळ म्हणून माझं नाव सांगीन. पण तुला न विचारता नाय. मी ओसरीवर बसलो की पाण्याचा तांब्या घेऊन तू बाहेर आलीस तर बोलीन, आणि राहिलेली ओळही सांगीन. दुसरं कुणी पाणी आणलं तर ते पिऊन, फोटो ठेवून परत फिरेन. फोटो तसाच राहील, तुझ्या नातवंडांपर्यंत. मान मात्र खाली घालणार नाय, तुझ्यासमोरही. पेटी चौकात आहे, टपाल निघायच्या आत गाठायचीय. टेपवर आई गातेय, तिला गाऊ देतो. उठलो बघ. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच,
मल्हारी