नव्या जॅकेटचे पाच खिसे

३ फेब्रुवारी, मंगळवार

जॅकेट आलं! शिंपीकाकांनी शेवटच्या टाक्यापर्यंत कुरकुर केली — "ताई, बायकांच्या कपड्याला एवढे खिसे? आत दुकान थाटायचंय का?" म्हटलं, हो, दुकानच थाटायचंय. टेबलाटेबलाशी फिरून जादू दाखवणारीला दुसरं दुकान कुठलं? सहा वर्षं दोन खिशांचं जुनं जॅकेट घालून आणि उरलेलं सामान पर्समध्ये कोंबून कामं केली. पर्समध्ये हात घातला की जादू तिथेच संपते. लोकांना वाटतं, बाई किल्ल्या शोधतेय.

आता पाच खिसे झाले. आणि सामान कपाटभर! दुपारपासून पलंगावर पसारा मांडून बसले आहे. काय न्यायचं आणि काय ठेवायचं, काही सुचत नाही. प्रत्येक वस्तू हातात घेतली की तीच सगळ्यात जवळची वाटते.

नवरा दारातून डोकावला. "प्रदर्शन आहे का? झोपायला जागा कुठे?" आणि माझ्या जुन्या दोरीला गाठ मारून निघून गेला.

४ फेब्रुवारी, बुधवार

पितळी पेले न्यायचे नाहीत. नाही म्हणजे नाही!

(संध्याकाळी: न्यावेत का?)

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पेले बाद. एका बाजूला घातले की जॅकेट लोंबतं आणि मी वाकडी चालते. शिवाय पालथे घालून खाली चेंडू लपवायला त्यांना टेबल लागतं, आणि लोक जेवत असताना टेबलावर जागा कसली? ताटं, पेले, कुणाचा तरी फोन, सांडलेलं पाणी. जे काही करायचं ते हातावर किंवा त्यांच्या मुठीत.

दुसरी अट त्याहून कडक. खेळ संपला की सामान लगेच पहिल्यासारखं झालं पाहिजे. या टेबलापासून त्या टेबलापर्यंत सात-आठ पावलं असतात, तेवढाच वेळ. मध्येच उभं राहून खिसे चाचपले की लोक बघतात आणि हसतात. म्हणून चाचपायचं नाहीच. वस्तूचं नाव मनात आलं की हात आपोआप त्या खिशात गेला पाहिजे.

शेवटी ठरलं. बाहेरचा उजवा — पत्ते. बाहेरचा डावा — स्पंजचे चार लाल चेंडू. आतला डावा — पाकीट. आतला उजवा — दोरी. छातीवरचा — जाड टोकाचं पेन. बास!

नवऱ्यानं परीक्षा घेतली. तो ओरडणार, "दोरी!" की माझा हात दोरीवर. "पेन!" की पेनावर. त्यालाही पाठ करून घ्यायचं होतं, कारण इस्त्री त्याच्याकडे. (मी केली की कापड जळतं.) कार्यक्रमाच्या दिवशी खिशातलं काढतो, इस्त्री करतो, परत ठेवतो. सहा वर्षांत एक रबरबँड इकडचा तिकडे झाला नाही. औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढलेला माणूस — एकाची गोळी दुसऱ्याला दिली नाही कधी.

रविवारपासून एका हॉटेलात काम, दुपारच्या जेवणाच्या वेळी. तीन रविवार बघणार, मग ठरवणार. मॅनेजर म्हणाले, "लोकांना आवडलं तर वर्षभराचे रविवार तुमचे." वर्षभराचे! आजवर कुणाचा वाढदिवस, कुणाचं ऑफिस, बोलावलं तर गेले. आपली म्हणावी अशी एकही जागा नव्हती. ही हवी आहे मला. फार हवी आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

फजिती!

तिसरं टेबल. एक आजोबा, सून, मुलगा. आजोबांनी बदामाची दुर्री काढली, तिच्यावर ऐटीत सही केली. पत्ता गायब. मी म्हटलं, "तो आता माझ्या पाकिटात आहे, आणि पाकीट इथे, काळजाजवळ." आतल्या डाव्या खिशात हात घातला, तर दोरी!

दोरी तशीच बाहेर काढली. मग तोंडातून निघालं, "पळून जातो म्हणून बांधायला ठेवली होती!" हसले सगळे. पाकीट चेंडूंच्या खिशात सापडलं, त्यातून दुर्री निघाली, आजोबांनी टाळ्याही वाजवल्या. पण जादू लंगडली. मॅनेजर खांबाशी उभे होते. सगळं बघितलं त्यांनी.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, तू तर हलवलं नाहीस ना? दुखावला बिचारा. "मी? अगं, जिथलं तिथे ठेवलं." मलाच लाज वाटली. नवं जॅकेट, नवी सवय. मीच काल रात्री भरताना गोंधळ केला असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस वेळा सराव केला. एकदाही चूक नाही. मग काल काय झालं?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एका कार्यालयात दुपारचं काम होतं. पत्त्यांच्या खिशात चेंडू, चेंडूंच्या खिशात पेन. या वेळी कसंबसं निभावलं.

घरून निघण्याआधी तपासलं होतं. नक्की तपासलं होतं. की बुधवारी तपासलं? की तपासायचं असं ठरवलं आणि तेच तपासल्यासारखं वाटतंय? आठवायला गेले की प्रत्येक वेळी वेगळंच आठवतं. जॅकेट दाराला अडकवलेलं दिसतं. माझा हात खिशात जाताना दिसत नाही.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा. मग दूध गॅसवर. मग एके दिवशी मला म्हणाली, "तुम्ही कोणाकडे आलात?"

नको. हे लिहायचं नव्हतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना चारशे नंबर तोंडपाठ होते मला! मुली वही उघडायच्या आधी मला विचारायच्या. ते डोकं कुठे गेलं?

१५ फेब्रुवारी, रविवार

शहाणपणा केला. हॉटेलात पोचल्यावर आधी बाथरूममध्ये जाऊन सगळे खिसे उघडले. बाहेरच्या डाव्यात चेंडूंच्या जागी चार चिमटे. कपडे वाळत घालायचे. नीट जोडीजोडीनं ठेवलेले!

तिथेच कडी लावून उभी राहिले. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं. हसू यावं की रडू, कळेना. मी काल कपडे वाळत घातले होते, हे खरं. पाठ म्हणत म्हणतच घातले होते — चेंडू, पत्ते, पाकीट, दोरी. म्हणजे चेंडू समजून चिमटे भरले मी? हाताला कळलं नाही? स्पंज आणि लाकूड!

चेंडूंशिवाय काम केलं. एका बाईंनी मागच्या रविवारचं ऐकून मुद्दाम टेबल घेतलं होतं. "ते लाल चेंडू दाखवा ना, मुठीत येतात ते." म्हटलं, आज त्यांची सुट्टी. त्या हसल्या, पण त्यांचं तोंड उतरलं.

घरी आले तर चेंडू चिमट्यांच्या टोपलीत. नवरा म्हणाला, "तू हल्ली दमतेस." प्रेमानंच म्हणाला. मी त्याच्यावर उगीचच खेकसले, आणि मग त्यानं केलेला चहा गपचूप प्यायले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरांचा फोन. "तिसऱ्या रविवारी येताय ना? दोन-तीन जणांनी विचारलंय तुमच्याबद्दल." मी म्हटलं, "कळवते." त्यांना नवल वाटलं असणार. मागच्या आठवड्यात याच बाई वर्षभराचे रविवार मागत होत्या!

खरं कारण काय सांगू? की माझ्या खिशात काय असेल ते मला माहीत नसतं?

नवऱ्याला सांगितलं — आईचं, माझं, सगळं. तो हातातलं वर्तमानपत्र ठेवून जवळ आला. म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर." आणि मी लहान मुलीसारखी रडले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई नाही करत. आज कोणता वार, शंभरातून सात वजा करत जा, कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. पाच शब्द दिले — सायकल, दगड, मावशी, टॉवेल, पिवळा — आणि म्हणाल्या, मी नंतर विचारीन. दहावीच्या परीक्षेतही एवढी घाबरले नव्हते.

मला धीर यावा म्हणून नवरा शेजारी बसून माझ्याबरोबर परीक्षा देत होता! कागद मागून घेतला, घड्याळ काढलं. सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसवलेले. मी म्हटलं, "अरे, उरलेल्या बाजूला काय, सुट्टी?" तो खो-खो हसला. शब्द विचारले तेव्हा मी पाचही सांगितले. तो म्हणाला, "माझं सोडा, मी पेशंट नाही!" डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. मग विचारत बसल्या त्याला — दुकान कधी सोडलं, सकाळी काय करता, घरात मदत करता का. तो ऐटीत म्हणाला, "हिची इस्त्री माझ्याकडे."

माझ्या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या आहेत. दोन दिवसांनी कळेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सायकल, दगड, मावशी, टॉवेल, पिवळा. भाजी चिरताना म्हणत होते. मॅनेजरांना अजून कळवलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी ठणठणीत आहे. ओरडणारच होते आनंदानं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मिस्टर जवळ आहेत का?" नव्हता. "मग ऐका. मंगळवारी परत या. या वेळी मला त्यांना तपासायचंय. त्यांनी काढलेलं ते घड्याळ मी ठेवून घेतलंय."

भीती वाटते. खूप. मग मॅनेजरांना कळवलं, येते.

आज सकाळी त्यानं खिसे रिकामे केले, इस्त्री केली, खिसे परत भरले. तो आंघोळीला गेल्यावर मी सगळं पलंगावर ओतलं. पेनाच्या जागी त्याचा चष्मा होता, तो टेबलावर ठेवला. बाकीचं एकेक करून लावलं.

बाहेर येऊन म्हणाला, "सगळं जागच्या जागी आहे ना गं?"

म्हटलं, "तू लावलंस म्हटल्यावर!"

खूश झाला. माझी कॉलर नीट करून दिली त्यानं.