रोपवाटिकेची वाटणी आणि मोसंबीची कबुली

मी, गावाबाहेरच्या वळणावरील रोपवाटिकेची मालकीण, वय पूर्ण त्र्याहत्तर, राहणार त्याच रोपवाटिकेमागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही. डॉक्टरांनी काल तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. छातीचे काय ते त्यांनी दाखल्यात लिहिले नाही, तोंडी सांगितले आहे. म्हणून ही घाई. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी कच्चा मसुदा करून दिला होता. त्यात दर परिच्छेदाला कलम म्हटले आहे. माझा सगळा जन्म कलमे बांधण्यात गेला, तेव्हा शब्दाची अडचण नाही. पण त्यांच्या मसुद्यात नुसत्या मिळकती होत्या, माणसे नव्हती. म्हणून तो बाजूला ठेवून पुन्हा लिहिते.

कलम १. गावातले घर, जे माझ्या यजमानांच्या पश्चात माझ्या नावे झाले, ते माझ्या मुलाला. बँकेतली ठेवही त्यालाच. तो दूरच्या शहरात पुलांची आखणी करतो आणि त्या कामात त्याचा हात धरणारा नाही असे त्याचे साहेबच म्हणतात. रोपवाटिका त्याला न देता माझ्या हाताखाली काम करणाऱ्या झारीला देते, याचा अर्थ त्याच्यावर माझा राग आहे असा कोणी काढू नये. फोनवर त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "आई, तिला धड सही करता येत नाही. तिच्या नावावर जमीन करतेस?"

मी म्हटले, "तिने भरलेला कलमाचा डोळा धरतो. तू बारा भरलेस, त्यातला एक तरी धरला होता का?"

"तेव्हा मी आठवीत होतो."

"ती तर आठवीपर्यंतही गेली नाही."

तो हसला. म्हणाला, "बरं. कागद नीट कर म्हणजे झालं. उद्या तिला कोणी उठवायला नको." माझा मुलगा असा आहे, हेही इथे नोंदवते.

कलम २. रोपवाटिकेची माझ्या वाटची जमीन, विहीर, सावलीच्या जाळ्या, मागच्या दोन खोल्या आणि सगळी अवजारे झारीला. तिचे कागदोपत्री नाव वकीलसाहेब सोबतच्या यादीत घालतील. बावीस वर्षांपूर्वी ती पाणी घालायला आली. झारी हातातून सुटायची नाही म्हणून मुकादमाने हे नाव पाडले आणि ते तिला चिकटले. नवरा सोडून गेला होता, कडेवर मुलगी होती. पहिल्या थंडीत मी डोळे भरत असताना ती शेजारी उभी राहून बघायची. डोळे भरणे म्हणजे चांगल्या झाडाची एक कळी सालीसकट काढून रानटी रोपाच्या खुंटावर बसवणे, पट्टी गुंडाळणे आणि वाट बघणे. एक दिवस मी विचारले, "करून बघतेस?" तिने पदराला हात पुसले आणि मला न विचारता चाकूला धार लावायला बसली. तेव्हाच मला कळले. आज शंभरातले नव्वद तिचे धरतात. माझे थरथरत्या हाताने साठही धरत नाहीत.

कलम ३. पत्रक. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि थंडी लागण्याआधी, या रोपवाटिकेचे एकपानी पत्रक निघते. काय आले आहे, काय लावावे, काय मुळीच नेऊ नये. तीनशे घरी ते जाते आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लागते. ते बंद पडू देऊ नये. झारीने सांगावे, तिच्या मुलीने लिहावे. नियम एवढाच, की जे झाड खपत नाही म्हणून पडून आहे त्याची शिफारस करायची नाही. नमुन्यादाखल यंदाच्या थंडीचे पत्रक इथे उतरवते, कारण ते छापून येईपर्यंत मी असेन की नाही सांगता येत नाही.

"शेवंती आली आहे, पिवळी आणि गर्द तांबडी. पांढरीला यंदा मावा लागला होता, ती या वेळी विकत नाही. गुलाबाची छाटणी राहिली असेल तर या आठवड्यात उरका, डोळ्याच्या वर बोटभर आणि तिरकी. गॅलरीत चार तास ऊन येत नसेल तर गुलाब नेऊ नका. आम्ही विकू, तो मरेल आणि दोघांनाही वाईट वाटेल. त्यापेक्षा मनीप्लँट न्या आणि निवांत राहा. कढीपत्त्याला थंडीत पाणी कमी. पाने गळली म्हणून उपटून टाकू नका, तो झोपलेला असतो. लिंबाची रोपे तयार आहेत. घेताना कलमाचा जोड कुठे आहे ते आम्हाला विचारा. दाखवल्याशिवाय घेऊ नका."

शेवटची दोन वाक्ये गेली सव्वीस वर्षे दर पत्रकात आहेत. ती का आहेत, ते कलम ५ मध्ये लिहिले आहे.

कलम ४. किरकोळ. दर रविवारी फिरायला येऊन, नजर चुकवून जाईची फांदी मोडून नेणाऱ्या बाईंना मी माफ केले आहे. फक्त त्यांनी गाठीच्या खाली मोडावी, एवढी वर्षे त्यांची एकही फांदी जगलेली नसणार. बंगलेवाले साहेब, जे सगळ्यांदेखत मला "ए माळीण" म्हणाले होते, त्यांना माफ केलेले नाही. तरी त्यांच्या हिरवळीला वाळवी लागली की झारीने जावे. हिरवळीचा काही दोष नाही.

कलम ५. एकतीस वर्षांपूर्वी ही रोपवाटिका मी आणि माझा मोठा भाऊ, आम्ही मिळून चालवत होतो. वडिलांची होती, दोघेही तिथेच चालायला शिकलो. त्या उन्हाळ्यात उष्म्याने मोसंबीचे भरलेले डोळे वाळले. मोसंबीचा डोळा मेला तरी रोप मरत नाही. खालचा रानटी खुंट फुटतो आणि चांगला तरारतो. पारखी नजरेला पान वेगळे दिसते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. फळ यायला पाच वर्षे लागतात.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत, आमचे पत्रक वाचून आले होते. पत्रकात मीच लिहिले होते, "मोसंबी खात्रीची." त्यांनी साठ रोपे मागितली. चांगली तेवढी शिल्लक नव्हती. जी गेली ती डोळे मेलेली गेली. रोपे कोणी काढून दिली ते मी इथे लिहीत नाही. त्या रोपांना मोसंबीच्या चिठ्ठ्या मी बांधल्या, माझ्या हाताने, डोळा मेल्याचे माहीत असताना.

पाच वर्षांनी पोस्टमास्तर सायकलवरून आले. रुमालातून एक फळ काढून त्यांनी टेबलावर ठेवले. खडबडीत सालीचे, आंबटढाण. "हे तुमच्याकडचं," ते म्हणाले. "चाखून बघा."

दादा म्हणाला, "जमीन चुनखडीची असेल. पाणी कमी पडलं असेल."

पोस्टमास्तर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा."

मी म्हटले, "दादा म्हणतात तसंच असेल."

ते "बरं" म्हणाले, फळ रुमालात बांधले आणि गेले. ओरडले असते तर मला सोपे गेले असते.

थंडीचे पत्रक लिहायला बसले ते चार दिवस लिहून होईना. शेवटी लिहिले, "पाच वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेली मोसंबीची काही रोपे खोटी होती आणि ते आम्हाला माहीत होते. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी कळवावे, आम्ही येऊन झाडे दुरुस्त करून देऊ." छापून आणले, घरोघर पाठवले, फळ्यावर लावले. दादाला विचारले नाही.

त्याने ते फळ्यावर वाचले, गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभा राहून. आत येऊन म्हणाला, "बेबी, 'आम्ही' कशाला लिहिलंस? तुझं मन तुला खात होतं तर 'मी' लिहायचंस."

मी म्हटले, "दादा, खोटं आहे का त्यात काही?"

तो म्हणाला, "खरं-खोटं नंतर. माझ्या तोंडचं बोलायला तुला कोणी सांगितलं?"

महिन्याभरात जमिनीत तारेचे कुंपण पडले. पलीकडे तो कुंड्या विकू लागला. सव्वीस वर्षे आम्ही एकमेकांना पाठमोरे पाहत आलो. इतकी वर्षे मी समजत होते की खरे बोलल्याची मला शिक्षा झाली. आता लिहिताना दिसते की 'आम्ही' या शब्दामागे मी लपले होते. दादाचे त्या दिवशी बरोबर होते.

पोस्टमास्तरांनी कळवले नाही. मीच गेले. त्यांनी बहुतेक झाडे तोडून टाकली होती, एकोणीस उरली होती, ती त्यांच्या पत्नीने कपडे वाळत घालायला ठेवली म्हणून. मी ती खाली छाटली आणि थंडी सरताना साल लाकडापासून सुटू लागली तेव्हा नव्या फुटींवर डोळे भरले. पहिल्या वर्षी ते माझ्याशी बोलले नाहीत, तांब्याभर पाणी ठेवून आत जायचे. दुसऱ्या वर्षी पट्टी धरायला उभे राहिले. झाडांना गोड फळ धरले त्या वर्षी ते नव्हते. त्यांच्या पत्नीने एक फोड मला दिली, एक आपण घेतली आणि म्हणाल्या, "ह्यांनी बघायला हवं होतं."

कलम ६. कुंपणालगतची मोसंबीची जुनी सात झाडे, ज्यांचे डोळे आम्ही वापरत असू, आणि वडिलांचा हस्तिदंती मुठीचा चाकू, ज्यावरून वाटणीत शब्दाला शब्द वाढला, ही माझ्या मोठ्या भावाला. त्याच्याइतका हलका हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

कलम ७. हे कलम आज दुपारी, सह्यांच्या आधी वाढवले आहे. दादाबद्दल पुन्हा त्याच्या पाठीमागे लिहायचे नव्हते, म्हणून वकीलसाहेबांकरवी त्याला निरोप पाठवला की ऐकून जा. तो येईल असे वाटले नव्हते. तो फाटकातून आला, कोकोपीटच्या पोत्यावर बसला आणि काठीवर हनुवटी टेकून सगळे ऐकले. वकीलसाहेब वाचायचे थांबल्यावर म्हणाला, "साठ नव्हती. चौसष्ट होती. चार मी वरती दिली होती, वाटेत मेली तर असावीत म्हणून."

वकीलसाहेबांनी आकडा समासात टिपून घेतला.

"आणि काढून मी दिली होती," तो म्हणाला. "तेही घाल त्यात."

पहिले साक्षीदार डॉक्टर होते, वकीलसाहेबांचा कारकून दुसरा साक्षीदार म्हणून बसला होता. दादाने त्याच्याकडे बघून विचारले, "याला काय ठाऊक आहे? सही मी करतो."

वकीलसाहेबांनी समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करायची नसते. केली तर सात झाडे आणि चाकू दोन्ही हातचे जातील. दादा म्हणाला, "जाऊ देत. झारीला द्या. माझ्या हाताला आता चाकू पेलत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेबी, कुठे सही करायची ते दाखव. चष्मा आणलेला नाही."

सबब कलम ६ मी माझ्या राजीखुशीने रद्द करते. ती झाडे आणि चाकू झारीला. कलम ५ मध्ये मागितलेली रोपे साठ, पण गेलेली चौसष्ट असे वाचावे.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, ऐकवून आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून ठेवले.

ठिकाण: रोपवाटिकेची कचेरी, फळ्यामागची खोली.
दिनांक: नोव्हेंबरची नववी, थंडीचे पत्रक छापायला गेले तो दिवस.

लिहून देणार: (सही) रोपवाटिकेची मालकीण.

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून देणारीचा थोरला भाऊ. तिने माझ्यासमोर सही केली. वरचा मजकूर ऐकला. खरा आहे.