सुईबुवांच्या सात सुया

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच काकूंनी पलंगावरून फर्मावलं, की आधी तोंड दाखव, ट्रंक काही पळून जात नाही. दम्याने अंथरुणाला खिळल्यात, पण जीभ अगदी माझ्या माहेरची. आमचं जमणार! स्वयंपाक, काकूंची अंघोळ, औषधं, एवढंच काम. वर एक गंमत. काका जमीन मोजणीतून निवृत्त झालेले. त्यांनी घरात सात ठिकाणी होकायंत्रं मांडलीत. स्वयंपाकघरात फळीवर, माझ्या खोलीत, काकूंच्या उशाशी, जिन्यात, असं सगळीकडे. रोज सकाळी आठला फिरायचं आणि कुठली सुई कुठल्या रेघेवर आहे ते वहीत लिहायचं. पंचवीस वर्षं ते स्वतः लिहायचे, आता गुडघे गेले म्हणून ते माझ्या गळ्यात. मी त्यांचं नाव सुईबुवा ठेवलं. काकू इतक्या हसल्या, की तोंडात पंप मारावा लागला.

बुधवार, ५

आज विचारलंच, सुया पळून जातील अशी भीती आहे का? तर काका खुर्ची ओढून बसले. म्हणे फार पूर्वी एका दिवसात पृथ्वीची टोकं सरकली. उत्तर होती तिथे उरली नाही, समुद्र उठून जमिनीवर आला. बर्फात हत्ती सापडलेत म्हणे, उभेच्या उभे, तोंडात गवताचा घास तसाच. परत तसं होणार, आणि सुया आधी सांगणार. मी म्हटलं, आमच्या ह्यांचं डोकं रोज संध्याकाळी असंच फिरायचं, मी काही सुया लावल्या नव्हत्या. काकू उशीत तोंड खुपसून हसल्या. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी मला तळघरातली खोली दाखवली. जाड भिंती, लोखंडी दार, कुलूप आतून. पाणी, डबे, बॅटऱ्या सगळं रचलेलं. माणूस शहाणा, पण या एका बाबतीत गाडी रुळावरून उतरलेली.

शनिवार, ८

माझी खोड काही मेल्याशिवाय जायची नाही. टाचण्या गोळा करायला शिवणाच्या डब्यात लोहचुंबक असतं, ते मी आज स्वयंपाकघरातल्या फळीखाली चिकटवलं. सुई पाव फेरा फिरली! मग काकांना हाक मारली. वाटलं, दचकतील, मी चुंबक दाखवीन, सगळे हसू. काका भिंतीला धरून खालीच बसले. चेहरा राखेसारखा. मी घाईघाईने चुंबक काढून त्यांच्या हातात दिलं, कान धरले, चुकले म्हटलं. त्यांनी काठी घेतली आणि बाकीच्या सुया बघायला निघाले.

काकूंनी मला चांगलंच झापलं. म्हणाल्या, मेले, थट्टा करायला सगळं घर मोकळं होतं, तू नेमका त्यांच्या भीतीलाच हात घातलास.

दुपारी

काका म्हणतात, उरलेल्या सहाही सुया पाव फेरा फिरल्यात.

त्या सहांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. सगळीकडे फिरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले. खरंच फिरल्यात. आणि स्वयंपाकघरातली, चुंबक काढून चार तास झाले, जागेवर आलेली नाही.

रविवार, ९. सकाळी

आता अर्धा फेरा. सातही.

काका काकूंना तळघरात न्यायचं म्हणताहेत. मी भांडले. डॉक्टरांनी बजावलंय, कोंडलेल्या हवेत ठेवलंत तर बाई हाती लागणार नाही. काका म्हणाले, वर ठेवली तर बुडेल. मी म्हटलं, आणि माझ्या चावटपणाने तुमचं डोकं बिथरलं असेल तर? ते म्हणाले, मग त्या सहा सुयांचं काय ते तू सांग.

मी परत एकदा सगळीकडे फिरून आले. अर्धा फेराच.

शेवटी काकूच बोलल्या. पंचेचाळीस वर्षं ह्यांनी माझं ऐकलं, एकदा मी ऐकते, उचल मला.

उचललं. अंगात वजनच नाही बाईच्या.

अकरा वाजता. तळघर

काका वरच थांबले, सुयांपाशी. किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, सरून गेलं की मी हाक मारीन, तोवर उघडू नकोस, काहीही झालं तरी.

दार बंद. बॅटरी लावली आहे. काकूंचा श्वास शिट्टीसारखा वाजतोय.

साडेबारा

पंप संपत आला. हलवला की आत काही वाजत नाही. काकूंचे ओठ निळसर दिसताहेत. तरी मला म्हणतात, सुईबुवांना शिव्या घालू नकोस, मीच घालीन.

दार उघडलं आणि काकांचं खरं असलं तर पाणी. नाही उघडलं तर ही बाई माझ्या मांडीवर जाईल. आणि हे सगळं सुरू केलं मी. हसण्यासाठी.

एक वाजता

पेल्यातलं पाणी एका अंगाला चढलंय. पेला सरळ आहे. मी दोनदा पुसून ठेवला.

काकूंना सांगितलं नाही.

सव्वा

मी उघडणार. ठरलं. पाणी तर पाणी. पण कोंडून मारणार नाही. किल्ली हातात घेतली, तेवढ्यात —

हाक. काकांचीच. उघड म्हणताहेत, सरलं म्हणताहेत.

काकू हसल्या. हात वर केला. जा, उघड, दमले असतील ते —

दार माझ्या समोर आहे. हात लावलाय. गार आहे. कान लावला.

दाराबाहेर कोणी नाही.

काका वर थांबले होते, आणि हाक खालून येते. फरशीखालून. अगदी पायाखालून, काठी ठोकत —

काकू विचारतात, काय झालं, उघडत का नाहीस. श्वास पुरत नाही त्यांना. काय सांगू? किल्ली फिरवते. फिरवतेच. काकू, माझा हात घट्ट धरा, आपण आता बाहेर पड —