एकशे अडतीस

प्रिय ठमे,

तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तरी हे पत्र आईकडून वाचून घेऊ नकोस, एकटीच वाच. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घे. डोक्याचे टाके ओले करू नकोस. उलटी झाली तर लगेच नर्सला हाक मार, स्वतः डॉक्टर म्हणून अंगावर काढू नकोस.

मला अजून तो आवाज येतो. त्या पेशंटच्या मुलाने लोखंडी स्टूल उचललं, पहिला फटका टेबलाच्या काचेवर, दुसरा तुझ्या मनगटावर. हाड मोडलेलं मी दारातून ऐकलं. मग केस धरून त्याने तुझं डोकं भिंतीवर आपटलं. मी त्याच्या पाठीवर लोंबकळलो, त्याने चिलटासारखं झटकलं. एकच ओरडत होता, "बीपी कमी लिहून माझ्या बापाला मारलंत." वॉचमननी त्याला पाडून तोंडावर लाथा घातल्या. दात फरशीवर पडले. मी थांबा म्हणालो नाही.

हॉस्पिटलात जिन्याजवळ तो फलक लागला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ज्यांच्या रुग्णांचं बीपी एकशेचाळीसच्या आत, ते डॉक्टर वर, त्यांना पगारावर बक्षीस; बाकीचे खाली, लाल शाईत. तीन महिने तू तळाला. कँटीनवाला मला विचारायचा, काका, लेक शेवटून पहिली का? तू हसून म्हणायचीस, माझ्याकडे आजारीच येतात, त्याला मी काय करू. पण ताटावरून अर्धपोटी उठायचीस.

तुझ्या दाराबाहेर बीपी मोजून कागदावर लिहिणं माझं काम. एकशेबेचाळीस आलं की मी एकशेअडतीस लिहू लागलो. चार आकड्यांनी काय होतंय, वाटलं. पुढे एकशेसाठचंही अडतीस झालं. तू वर आलीस, मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलाच्या बापाचं एकशेशहाण्णव होतं. मुलाने मशीनवर पाहिलं, काका, जास्त आहे ना, म्हणाला. मी म्हटलं, जिना चढून आलात म्हणून. आणि अडतीस लिहिलं. कागद बघून तू जुनीच गोळी चालू ठेवलीस. चौथ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला.

उद्या पोलीस तुझा जबाब घेणार. माझ्यावर विश्वास ठेवून तू सांगशील, आकडा बरोबर होता, मुलगा खोटारडा आहे. तसं सांगू नकोस. त्याने मारलं ते सगळं सांग, पण तो खोटं बोलत नव्हता. हे पत्र नर्सकडे देऊन मी चौकीत निघालोय. आईला तूच सांग, माझी जीभ रेटत नाही.

तुझाच,
तुला न विचारता तुझं भलं करायला गेलेला
बाबा