तुम्हाला समाजसेवक करायला निघालेत

प्रिय डॉक्टर,

तुम्ही गेल्यावर तरी राजकारण आपल्या घरातून जाईल, असं वाटलं होतं. कसलं काय! आपला प्रभाग महिलांसाठी राखीव झालाय, म्हणून काल पक्षाचे भारतराव तिकीट द्यायला दारात हजर. पत्रकाचा नमुनाही घेऊन आले होते. त्यावर तुमचा फोटो, आणि नावाखाली 'थोर समाजसेवक'. मानसोपचारतज्ज्ञ हा शब्दच गायब!

मी विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, ते ऱ्हाऊ द्या की ओ. लोक बिचकत्यात. समाजसेवक लई भारी दिसतंय."

तेव्हापासून डोकं भणभणतंय. आणि ज्यांच्यावर ओरडून मोकळं व्हायचं, ते तुम्ही भिंतीवर हार घालून बसलायत. म्हणून हे पत्र.

दोनदा नगरसेवक झालात, तोवर ठीक होतं. गटार तुंबलं की डॉक्टर चालायचे. आमदारकीला उभे राहिलात आणि एका रात्रीत 'वेड्यांचा डॉक्टर' झालात. आठवते ती रिक्षा? "आमदार पाहिजे का शॉकवाला?" असं भोंग्यावर ओरडत शुक्रवार पेठेत दिवसभर फिरायची. तुम्ही गॅलरीतून ऐकायचात आणि म्हणायचात, "आवाज चांगलाय गड्याचा." मला हसू येत नव्हतं हो!

आपले कार्यकर्ते तरी कुठे कमी होते? पदयात्रेत तुमच्यापासून चार हात लांब चालायचे. एकाने तोंडावरच सांगितलं, "डॉक्टर, तुमच्यासंगं फिरलो की लोक इचारत्यात, गोळ्या कधीपासनं चालू हायत?"

आणि ती क्लिप! रस्त्यात पेशंट दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हा तुमचा नियम. त्याने हाक मारली तरच बोलायचं, नाहीतर बघणारे लगेच त्याला विचारणार, हे डॉक्टर तुझ्या ओळखीचे कसे? दवाखान्यापुरतं ठीक आहे. पण निवडणुकीत? निवडणुकीत उमेदवार विजेच्या खांबालाही हात जोडतो! आणि तुम्ही एका कापड दुकानदारासमोरून मान खाली घालून निघून गेलात. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत शहरभर झालं, 'मत पाहिजे, नमस्कार नको. माजोरडा डॉक्टर!'

मी म्हटलं, त्याचं नाव घेऊ नका, पण तुमचा नियम तरी सांगून टाका लोकांना. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नियम सांगितला, की तो कोण हेही सांगितल्यासारखंच झालं, सुनंदा."

झालं. पडलात. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दवाखाना उघडलात. राग यायचाच नाही का हो तुम्हाला? की सगळा माझ्या वाट्याला ठेवलात?

आज सकाळी भवानी पेठेतल्या अंबुबाई आल्या. शाळेचे गणवेश शिवतात. मी त्यांना ओळखत नव्हते, तुमचा नियम घरातही होताच की! मी उभी राहणार असं त्यांच्या कानावर गेलं होतं. उमेदवारीच्या अर्जावर प्रभागातल्या मतदाराची सूचक म्हणून सही लागते, ती करायला आल्या होत्या.

म्हणाल्या, "कुणी इचारलं तर सांगते, डॉक्टरांची पेशंट हाय मी. बाळंतपणानंतर जीव द्याय निघालते. त्यांनी गोळ्या दिल्या, बरी झाले. त्यात लाजायचं काय वो?"

मी म्हटलं, "आधी घरी विचारा."

"घरच्यांनीच पाठवलंय की."

मग मात्र मला रडू आवरेना. डॉक्टर, तेव्हा असं कुणीच कसं पुढे आलं नाही? की तुम्हीच येऊ दिलं नाहीत? सगळ्यांची लाज सांभाळता सांभाळता, लाजण्यासारखं काही नाही हे सांगायचंच राहून गेलं का तुमचं? तुम्ही समोर असतात तर यावर कडाकडा भांडले असते.

तर ऐका. पत्रकावर तुमच्या नावाखाली मानसोपचारतज्ज्ञच लिहिलं जाईल, तेही ठळक अक्षरांत. भारतरावांना चालत नसेल तर त्यांनी तिकीट परत न्यावं, मी अपक्ष उभी राहीन. हा माझा शब्द. पडेनही कदाचित. पण तुमचं काम लपवून निवडून येणार नाही.

तुमची, अजूनही चिडलेली,
सुनंदा