अक्कांनी लिहून दिलेली तपासणी

दि. १९, बुधवार
दवाखाना, दुसरा मजला

ती. अक्कांना नमस्कार.

मुलं ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? पंपदुरुस्तीचं दुकान चार दिवस बंद आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

तुमच्या बहिणीच्या हृदयात धातूची झडप बसवून चार वर्षं झाली. ती खरी कितीला पडली, याचा काल इथल्या बाकावर बसून हिशेब केला. एकोणीस दिवस दवाखाना, छातीवर वीतभर शिवण, रक्त पातळ ठेवणारी जन्मभराची गोळी आणि तुमचं आमच्याकडे येणं बंद. शेवटची बाब डॉक्टरांनी लावलेली नाही, मी लावली.

इथं माझं बरं जमलंय. सलाइनच्या थेंबांचा वेग बघून मी सूचना देत असतो. नर्सबाई म्हणाल्या, "काका, पंप तुमचे, माणसं आमची." शेजारच्या खाटेवरच्या आजी एवढ्या हसल्या की त्यांचीच सुई निघाली.

हे सगळं मी मुद्दा टाळायला लिहितोय. ही हळदीसारखी पिवळी पडली आहे. लघवी कोऱ्या चहासारखी होते. चार पायऱ्या चढली की धाप लागते.

झडप बसवून ही घरी आली तेव्हा तुम्ही आमच्या जिन्यात काय म्हणाला होतात, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "पाहुणे, रक्तात हॅप्टोग्लोबिन म्हणून एक प्रथिन असतं. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं हिमोग्लोबिन मोकळं सुटतं, त्याला ते धरून नेतं. झडपेपाशी पेशी फुटायला लागल्या तर ते धरता धरता संपून जाईल. दर सहा महिन्यांनी ते मोजा." आणि चिठ्ठी लिहून दिलीत. आयुष्यभर रक्ताच्या बाटल्या तपासलेलं माणूस तुम्ही, आणि मी चार लोकांत म्हणालो, "अक्का, शाळा सोडून हातात पाना घेतला तो कुणी शिकवला नाही म्हणून अडला नाही. बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी मला आवाजावरून कळतं. तुमच्या बाटल्यांना कळेल त्याच्या आधी माझ्या कानाला कळेल. आमच्या घरात प्रयोगशाळा नको." तुम्ही चप्पल घातलीत आणि गेलात.

त्यानंतर रोज सकाळी मी हिच्या पाठीला कान लावायचो. टक, टक, टक. "चोख!" म्हणायचो. ही म्हणायची, "तपासनीस, शिक्का मारा आणि चहा टाका."

रक्त किती पातळ आहे, ती तपासणी मी चुकवली नाही. तुमची चिठ्ठी मात्र दुकानाच्या खणात गेली. हिनं दोनदा विचारलं. मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, गरज नाही."

अक्का, डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं.

शनिवारी अहवाल आला. हॅप्टोग्लोबिन मोजण्याइतकंही उरलेलं नाही. झडप शाबूत आहे, तिच्या कडेची शिवण सुटली आहे. त्या फटीतून रक्त जोरात मागे उसळतं आणि पेशी चिरडल्या जातात. आमच्या भाषेत, पंप ठीक, पॅकिंग गेलं. मोकळं हिमोग्लोबिन आता मूत्रपिंडांवर चाललंय. शुक्रवारी छाती पुन्हा उघडायची म्हणतात. त्याहून उशीर झाला तर डॉक्टर खात्री देत नाहीत.

आणि ही सही करत नाही. म्हणते, "ज्यानं तपासणी नको म्हटलं, त्याच्याच हातात पुन्हा छाती देऊ? मी काय वेडी आहे?" डॉक्टर बिचारे माझ्याकडे बघतात. मी खिडकीकडे बघतो.

इथवर लिहिलं आणि माझ्याच्यानं पुढे लिहवेना. उठलो आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवलं. आजींनी भिंतीकडे तोंड केलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मी दोनदा विचारलं होतं हो." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "अक्काला आणा. ती सांगेल तर करीन. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बसलोय.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्यात तुमची चूक नाही. म्हणून दुकानाच्या गाडीवाल्याबरोबर पत्र पाठवतोय. गाडी तुमच्या दाराशी थांबेल, कितीही वेळ थांबेल. माझ्याशी बोलू नका, माझ्याकडे बघूही नका. पण पत्र वाचून होताच निघा. पाया पडतो, अक्का. हिला वाचवा.

तुमचा म्हणवून घ्यायला तोंड न उरलेला,
धाकटीचा नवरा

ता. क. डॉक्टरांनी काल त्यांची नळी माझ्या कानाला लावून दिली. म्हणाले, "ऐका, टकटकीच्या मध्ये फुस्स होतंय ना, तीच गळती." मी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मला फक्त टकटक ऐकू आली.